हातात मुरलेलं

हर्षदा डुबलचे नुसते हात बघून तिचं वय सांगणं कऱ्हाडात कुणालाही जमलं नसतं. चेहरा छप्पन्न वर्षांचा होता आणि ते ती लपवतही नव्हती. हात मात्र पंचविशीतले होते. ना सुरकुती, ना डाग, ना फुगलेली शीर. शनिवार पेठेतल्या तिच्या पार्लरवर चांगली रंगीत पाटी होती, पण खरी जाहिरात हे दोन हातच करायचे. नवीन गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती नुसते हात पुढे धरायची आणि गप्प राहायची. पुढचं सगळं गिऱ्हाईकच विचारायचं.

यात गुपित काही नव्हतं, होती ती काटकसर. वाटीत काढलेलं क्रीम पुन्हा डबीत घालायचं नाही, हा धंद्याचा नियम. आणि वाटीत काढलेलं काहीही टाकून द्यायचं नाही, हा तिच्या आईचा नियम. दोन्ही पाळायचे तर उरलेलं जाणार कुठे? ते हर्षदा आपल्या हातांना चोळायची. रोज आठ-दहा गिऱ्हाइकं, असं नऊ वर्षं चाललं होतं.

नऊ वर्षांपूर्वी बाजारात 'बावीस' नावाचं नवं क्रीम आलं. त्याआधी अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातलं नेमकं कोण तोंडाला लावायचं, हा बायकांपुढचा मोठा प्रश्न असे. एकीला गुण यायचा, दुसरीची साल निघायची. हर्षदाने यावर स्वतःचं एक व्याख्यान बसवलं होतं आणि ते ती गिऱ्हाइकाच्या कपाळावर बोटं फिरवता फिरवता द्यायची.

"हे बघा, पामिटेट म्हणजे कणगीतली ज्वारी. रेटिनॉल म्हणजे पीठ. रेटिनाल म्हणजे मळून ठेवलेला उंडा. आणि रेटिनॉइक आम्ल म्हणजे तयार भाकरी. पेशीला भाकरीच लागते, बाकी काही तिच्या घशाखाली उतरत नाही. ज्वारी लावली तर दळणं, मळणं, थापणं सगळं कातडीलाच करावं लागतं आणि वाटेत निम्मं सांडतं. म्हणून गुण उशिरा. थेट भाकरी लावली तर गुण लगेच, पण ती तव्यावरची असते, पोळते. ती मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. तुमची कातडी नाजूक आहे, तुम्ही पिठावर राहा."

बावीसने ही निवडानिवडच संपवली. पामिटेटमध्ये रेटिनॉलला सोळा कार्बनांची चरबीची शेपटी जोडलेली असते. नव्या रेणूची शेपटी बावीस कार्बनांची होती, आणि तिच्या टोकाला गळासारखा असा एक आकडा दिला होता की ती त्वचेतल्या चरबीच्या थरांत घट्ट अडकून बसे. साबणाने निघत नसे, घामाने वाहत नसे. त्वचा लागेल तसं त्यातलं थोडं थोडं दळून खाई. जळजळ नाही, साल निघणं नाही, एकदा लावलं की चार महिने बघायला नको. कंपनीने प्रत्येक पार्लरला एक दिवाही दिला. त्याचा अतिनील झोत पडला की त्वचेतलं साठलेलं बावीस हिरवट पांढरं चमके. चमक कमी झाली की पुन्हा लावायची वेळ झाली. हर्षदा गंमत म्हणून गिऱ्हाइकांना स्वतःचे हात त्या दिव्याखाली धरून दाखवी. कोपरापर्यंत दोन्ही हात ट्यूबलाइटसारखे उजळत आणि बायका "अगं बाई!" म्हणत.

मार्चमध्ये तिची लेक ओवी माहेरी आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यातली चार पुण्यातल्या दवाखान्यांत गेली होती. दोनदा राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं. आता तिसऱ्यांदा राहिलं होतं, पाच आठवडे पूर्ण झाले होते. ओवीला पाण्याचासुद्धा वास सहन होत नव्हता आणि कंबर सारखी धरत होती. जावई निमिष तिला सोडायला आला, तेव्हा सामान उतरवताना हळूच म्हणाला, "आई, यावेळी काही झालं तर ती नाही सावरायची."

हर्षदाला हे सांगायला नको होतं. लेक यायच्या आदल्या दिवशीच तिने घरातल्या सगळ्या बरण्या, डब्या उचलून खाली पार्लरमध्ये नेऊन कुलपात ठेवल्या होत्या. गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या वाटेला जायचं नाही, हे ती वीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आली होती. ओवीच्या तोंडाला तिने साध्या खोबरेलाखेरीज काही लागू दिलं नाही. आणि रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून हलक्या हाताने तिची पाठ, कंबर आणि तळपाय अर्धा-अर्धा तास चोळले.

"आई, तुझ्या हातात काय जादू आहे गं," ओवी उशीत तोंड खुपसून म्हणायची. "निमिषला शिकव की."

"त्याला काय शिकवायचं कपाळ! तो साधं दार ओढतो तर बिजागरी निघते."

असे सोळा दिवस फार सुखाचे गेले. सोळावा दिवस रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर डॉक्टर तस्नीम मुल्लांचा फोन आला. विद्यानगरमध्ये त्यांचा त्वचारोगांचा दवाखाना होता. हर्षदा त्यांच्याकडे गिऱ्हाइकं पाठवी, त्या हर्षदाकडे पेशंट पाठवत, अशी पंधरा वर्षांची ओळख.

"हर्षदाताई, एक विचारायचं होतं. माझ्याकडे दीड महिन्याचं एक बाळ आलंय. ओठ फुटलेत, अंगाची साल निघतीय, टाळू फुगून वर आलीय. रक्तात अ जीवनसत्त्व इतकं, की कुणी बाटली पाजली म्हणावं. आईने काही पाजलं नाही, काही लावलं नाही. शेवटी मी बावीसचा दिवा धरला. ताई, बाळ अख्खं उजळलं हो."

"अगं बाई! कसं काय?"

"मालीश! त्याला अंघोळ घालायला येणारी बाई पाच वर्षं पार्लरमध्ये कामाला होती. कंपनीने बावीस साबणाने धुऊन बघितलं, घामाने बघितलं, समुद्राच्या पाण्याने बघितलं. कोमट तेल हातावर घेऊन अर्धा अर्धा तास दुसऱ्याचं अंग चोळून कुणी बघितलंच नाही. कंपनी पडली परदेशी, त्यांच्याकडे कोण चोळतंय? गरम तेलात तो आकडा सुटतो आणि ते समोरच्याच्या अंगात उतरतं. तुमच्या ओळखीतल्या पार्लरमधलं कुणी बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला जातं का, तेवढं विचारून ठेवा."

"विचारते," हर्षदा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"आणि ओवी कशी आहे? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे."

फोन ठेवून ती खाली गेली आणि दिवा घेऊन आली. ओवी कुशीवर झोपली होती. उकडतंय म्हणून गाऊनची मागची चेन उघडी टाकली होती. हर्षदाने पडदे ओढले, दार लोटलं आणि दिवा लावला.

ओवीच्या पाठीवर दोन हात उमटले होते. तळवे, दहाही बोटं, कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालपर्यंत ओढलेले अंगठे. कंबर सगळ्यात जास्त दुखायची, तिथे तर नुसता हिरवट पांढरा पत्रा. डाव्या हाताची अनामिका जराशी वाकडी होती, लहानपणी झोपाळ्यात सापडलेली. तीही जशीच्या तशी वाकडी उमटली होती. हर्षदा घाबरली. इतकी घाबरली, की दिवा बंद करायचं बटणच तिला सापडेना. शेवटी तिने तो पोटाशी धरला आणि पदराखाली झाकून बाहेर आली.

बावीसचं शेवटी जे रेटिनॉइक आम्ल होतं, ते पोटात काय करतं, हे तिला ठाऊक होतं. पोटातल्या गर्भालाही तीच भाकरी लागते, पण मोजून मापून. हृदयाचे कप्पे कुठे पडायचे, कान कुठे यायचे, तोंडातला टाळू कुठे जुळायचा, हे पेशींना त्या आम्लाच्या कमी-जास्त प्रमाणावरूनच कळतं. पाचव्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंत हेच काम चालू असतं. तेव्हा ते बाहेरून जास्त आलं, तर पेशींना चुकीचा निरोप जातो. आणि ओवीचे सात आठवडे पूर्ण झाले होते.

तिने त्या क्षणी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. फोन हातातच होता. पण लेकीला काय सांगायचं? चार वर्षं इंजेक्शनं घेतलेल्या, दोनदा रिकाम्या हाताने घरी आलेल्या लेकीला सांगायचं, की तुझ्या आईने तुला रोज सकाळी विष चोळलं? ती धसक्यानेच काही करून बसली तर? तिने पाडून टाकायचंच म्हटलं तर? आणि खरं सांगायचं तर हर्षदाला आणखी एक भीती होती, ती जास्त लाजिरवाणी होती. ओवी आपल्याकडे कशी बघेल, याची. मनात येईल तेवढी कारणं तिने गोळा केली आणि स्वतःला सांगितलं, एक दिवस बघू. कदाचित धुतल्याने जाईल.

सोमवारी तिने मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलं. "लचकलं गं. काही दिवस चोळायचं बंद."

"दाखव. मी चोळून देते तुला."

"नको!" हर्षदा एवढ्याने ओरडली, की ओवीचा पुढे आलेला हात तसाच राहिला. "हात लावू नकोस मला. दुखतंय."

ओवीचं तोंड उतरलं. त्या दिवसापासून हर्षदा कणीक मळताना हातमोजे घालू लागली. लेकीला ताट देताना ते टेबलावर ठेवून मागे सरू लागली. ओवीला वाटलं, आपण येऊन पंधरा दिवस झाले, आई कंटाळली. तसं तिने रात्रीच्या फोनवर निमिषला सांगितलंही. भिंतीपलीकडून हर्षदाने ते ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून बसून राहिली.

अंघोळीला मात्र ती ओवीला रोज डाळीचं पीठ काढून द्यायची. "पाठ चांगली घासून घे, तेल राहता कामा नये," म्हणून दाराबाहेरून तीन-तीनदा सांगायची. आणि रोज दुपारी ओवीचा डोळा लागला की पडदे ओढून दिवा धरायची.

सोमवारी हात थोडे फिके वाटले. मंगळवारी बोटांच्या कडा विरल्या. बुधवारी तळवे गेले. गुरुवारी दुपारी तिने डोळे ताणून ताणून बघितलं, तेव्हा कमरेपाशी पुसटशी एक छटा राहिली होती, बस. हर्षदाच्या जिवात जीव आला. गेलं! डाळीच्या पिठाने गेलं! तिने देवापुढे साखर ठेवली, स्वतःच दोनदा खाल्ली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

संध्याकाळी चहा पिताना, संकट टळलं की माणूस बोलतो त्या उत्साहात तिने ओवीला सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाळ, गरम तेल, आपले हात. "पण आता काही नाही हं. काल बघितलं तर थोडंसं दिसलं, आज तर जवळजवळ नाहीच."

रविवार म्हणायचं होतं. तोंडातून 'काल' निघालं.

ओवीने कप खाली ठेवला. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"मुल्ला मॅडमकडे. आत्ता."

गाडी ओवीनेच चालवली. दवाखान्यात डॉक्टर तस्नीमनी सगळं ऐकून घेतलं, ओवीला पालथं निजवलं आणि खोलीतला दिवा बंद करून आपला मोठा दिवा तिच्या पाठीवरून सावकाश फिरवला. कमरेपाशी ती छटा दिसली. डॉक्टरांनी तो भाग बराच वेळ बघितला.

"म्हणजे गेलंय ना डॉक्टर?" हर्षदाने विचारलं.

"ताई, तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना ज्वारीचं आणि भाकरीचं? या दिव्याला ज्वारी दिसते. भाकरी दिसत नाही." डॉक्टर ओवीकडे वळल्या. "चमक कमी होते ती दोन कारणांनी. एक तर मुळात उतरलंच थोडं असेल. नाहीतर भरपूर उतरलं असेल, आणि आकडा सुटलेला म्हणून त्वचेने ते भराभर दळून आत पाठवलं असेल. शेवटचं मालीश कधी झालं?"

"रविवारी सकाळी," ओवी म्हणाली. "नंतर आईचं मनगट लचकलं."

"रविवारी कुणी दिवा धरला असता तर कळलं असतं, दोन्हींतलं काय ते. पण माझा फोन आला तेव्हा ताईंच्या ते डोक्यात आलं नसणार, दिवा धरला तो कालच." डॉक्टर हात धुवायला लागल्या. "काल तुम्हाला पुसटच दिसलं म्हणता, तर मी धरून चालते की थोडंच उतरलंय आणि वरच्या मेलेल्या थरात आहे. चिकटपट्टी लावून तो थर काढून टाकू. वीसेक पट्ट्या. थोडं चुरचुरेल, पण उरलेलं सगळं निघेल."

नर्सने पट्ट्यांचं रीळ आणून ठेवलं. हर्षदाला हायसं वाटलं. निघेल म्हणाल्या. सगळं निघेल. मग तिने उगाच, बोलायचं म्हणून विचारलं, "आणि समजा दुसरं असलं तर?"

"तर पट्ट्या अजिबात लावायच्या नाहीत. ते खालच्या थरात गेलं असताना वरचं झाकण आपणच काढून टाकलं, तर त्वचा जखम भरायला म्हणून उरलेलं झपाट्याने दळते. तीन आठवड्यांत जाणारं तीन दिवसांत रक्तात जाईल."

डॉक्टरांनी पहिली पट्टी फाडली. ओवीने डोळे मिटून घेतले. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं, तर हर्षदाला कुणी कधीच काही विचारलं नसतं. पट्टी ओवीच्या कमरेपासून वीतभर अंतरावर आली.

"थांबा," हर्षदा म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला.

"धरला होता दिवा. रविवारी. तुमचा फोन ठेवल्या ठेवल्या मीच धरला होता." "लख्ख होतं. दहाही बोटं मोजता येत होती. मग रोज कमी होत गेलं. मला वाटलं, धुऊन जातंय."

डॉक्टरांनी हातातली पट्टी चुरगाळून टोपलीत टाकली, खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांना राग आला होता, तो त्यांनी आवाजात येऊ दिला नाही, पण पुढचं बोलणं त्यांनी ओवीशीच केलं, हर्षदाकडे बघितलं नाही.

"सोमवारी आला असतात तर पट्ट्यांनी निम्म्याहून जास्त निघालं असतं. आता नाही. आज रक्त घेते, पण रक्तात आज किती आहे तेवढंच कळेल, चार दिवसांत किती गेलं ते नाही. ते काढून घेणारं औषध नाही. दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. हृदय नीट दिसायला अठरावा-विसावा आठवडा उजाडेल."

"बाळाला काही होण्याची शक्यता किती?" ओवीने विचारलं.

"खोटा आकडा सांगू का? कुणालाच माहीत नाही बेटा. तुझ्याआधी कुणी मोजलेलंच नाही. तुला ठेवायचं नसेल, तर तेही सांग, मी आहे."

"ठेवायचंय," ओवी म्हणाली.

रक्त देऊन दोघी बाहेर आल्या. गाडीपाशी ओवी थांबली. तिने आईच्या मनगटावरच्या बँडेजकडे बघितलं.

"सोळा दिवस चोळलंस, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. तुला माहीत नव्हतं. पण हे चार दिवस, आई."

"मला भीती वाटली गं. तू काय म्हणशील याची. तुझ्या जिवाचं काही होईल याची. सगळ्याचीच."

"मला विचारायचं होतंस ना, मला भीती वाटतेय का ते."

हर्षदा रस्त्याकडे बघत म्हणाली, "तू हो पुढे. मी रिक्षाने येते."

"नको. बस गाडीत." ओवीने कुलूप काढलं. "मागे बस."

हर्षदा मागे बसली. बँडेज आता निरर्थक होतं, पण सोडायचं तर हात उघडे करावे लागले असते, म्हणून तिने ते तसंच ठेवून हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. कृष्णा पुलावर पुढे ट्रक उभा होता, त्याच्या डिझेलचा वास आत आला आणि ओवीने घाईघाईने गाडी कडेला घेतली. दार उघडून ती बाहेर वाकली. तिला उमाशांवर उमासे यायला लागले.

हर्षदा झटकन पुढे सरकली. दोन सीटच्या मधून तिचा हात लेकीच्या कपाळाकडे गेला. मुलीला उलटी होत असली की आईचा हात तिथे जातो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. तो अर्ध्यावर पोचला आणि तिथेच राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. ओवीला आई पुढे सरकल्याचं, मग थांबल्याचं कळलं असावं. वाकलेल्या अवस्थेतच तिने डावा हात वर आणला आणि स्वतःचं कपाळ स्वतःच धरलं.